खडूची बोट

हिंगणा रोडच्या गोदामात दोन बोटी, ताडपत्रीखाली,
दाखवायला बसवलेल्या बहिणींसारख्या.
एक सोळा फुटी, चाळीस घोड्यांची, कागदावर सहा जणांची.
दुसरी बावीस, नव्वद घोडे, दहा माणसं
आणि मागे आडवं व्हायला गादी.
खोब्रागडे म्हणाला, दोन्ही वापरलेल्या आहेत, खोटं कशाला सांगू,
मोठीवर ओरखडा आहे, लहानीवर नाव.
नाव होतं 'चिऊ'.
कोणाची तरी चिऊ मोठी झाली असणार.

झिरो माईलच्या खांबापासून कुठलाही समुद्र
सारखाच लांब. आमच्या घरात पाणी म्हणजे
कूलरच्या टाकीतलं,
आणि कोराडीच्या टर्बाइनमधून अठ्ठावीस वर्षं
वाफ होऊन गेलेलं, माझ्या नोकरीतलं.
रिटायर झालो, खिंडसीला गेलो,
थर्मासमधला चहा ओतताना कुंदा म्हणाली,
"मधातून काठ कसा दिसत असन हो?"
एवढंच. तिथून हे सगळं.

मी टेप घेऊन फाटक मोजलं: साडेसात फूट.
मोठी आत यायची तर एक खांब जाणार
आणि ढोबळ्यांचा अशोक.
ढोबळे म्हणाले, "अशोक तोडा, पण पयल्या फेरीत मले न्या."
म्हणजे आठवी सीट.

मग गच्चीवर खडूनं दोन्ही काढल्या, खऱ्या मापाच्या.
लहान नीट बसली. मोठीचं नाक
सिन्टेक्सच्या टाकीवर चढलं
आणि उरलेलं दीड फूट
कठड्यापलीकडे, गल्लीवर, हवेत.

संध्याकाळी सगळे वर आले. आधी मोठीत.
प्रकाशभाऊजी मागच्या गादीवर पसरले,
मेघना टोकाला, मोबाइल घेऊन,
जावई मधे कुठेतरी.
आबाजी विचारत राहिले, "निघालो का आपण?"
ते कोणापर्यंत पोचलं नाही.

मग लहानीत. गुडघ्याला गुडघे.
भाऊजींचं वजन एकशे सहा,
सगळे एका बाजूला कलले,
सिमेंटवर, खरंच कलले.
अन्वी ओरडली, बुडालो!
मेघनानं मोबाइल डोक्यावर धरला, भिजू नये म्हणून.
आबाजींना कोणीतरी धरलं,
कोणी ते दिसलं नाही,
मी सातवा,
रेघेबाहेर उभा, हातात खडू.

रात्री हिशेब मांडला.
पेट्रोल, ट्रेलर, घाटावरचं भाडं.
रामटेकचा बळीराम नगरधने सांगतो,
मे महिन्यात तलाव असा उतरतो
की मोठीचं पोट गाळाला टेकेल,
मग ढकला सगळे, नव्वद घोड्यांसकट.
लहानीच्या बाजूनं वहीचं अख्खं पान.
मोठीच्या बाजूनं फक्त मी,
रेघेबाहेरचा.
झोप लागली तेव्हा दिवा चालूच होता.

कूलर भरायचा पाईपही चालूच.
पहाटे गच्चीभर पाणी.
मोठीचं नाक गेलं, लहानीची एक कड तेवढी राहिली,
आणि त्या कडेला प्लास्टिकच्या स्टुलावर
कुंदा, पाय पाण्यात,
साडी पोटरीपर्यंत ओढलेली.

"स्टिअरिंग कुठी काढलं होतं तुम्ही?"

काढलंच नव्हतं.
सीटा मोजल्या, पोटं मोजली, फाटक मोजलं,
चालवणारं माणूस राहून गेलं.
मला तर पोहताही येत नाही,
हे तिला छत्तीस वर्षं माहीत आहे.

"द्या तो खडू."
ओल्या सिमेंटवर तो काही उमटेना,
तिनं गिरवून गिरवून अर्धं वर्तुळ केलं,
उरलेलं हातांनीच धरलं, हवेत,
आणि टाकीकडे बघत म्हणाली,
"बसा. जागा हाये."

मी चपला काढल्या.
का काढल्या, कोण जाणे.